रातपाळी आणि रात्रशाळा

चँडलरमधल्या आमच्या एका स्नेह्यांच्या फ्रिजवर दरवर्षी कालनिर्णय लागतं. पुण्याहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून ते येतं आणि आल्या आल्या त्यावर दोन स्केचपेनं चालतात. लाल रंग नवऱ्याच्या पाळीचा. तो चिपच्या कारखान्यात यंत्रं सांभाळतो. पाळी बारा तासांची. गुरुवार, शुक्रवार, शनिवार कायमचे आणि बुधवार एक आड एक. निळा रंग त्याच्या कॉलेजचा, सोमवार आणि बुधवार संध्याकाळ. दर दुसऱ्या बुधवारी निळ्यावर लाल चढतो आणि चौकोन जांभळा होतो. सोळा आठवड्यांच्या सत्रात आठ जांभळे बुधवार. पहिल्या चाचणीनंतर त्याने विषय सोडला. फी भरलेली होती, गणित त्याचं चांगलंच आहे, मास्तरही समजूतदार होते. आठ बुधवार मात्र कुणाकडेच शिल्लक नव्हते.

या पुस्तकाची कल्पना त्या फ्रिजसमोर चहा पिताना निघाली. चँडलर, गिल्बर्ट, मेसा या ॲरिझोनातल्या गावांत राहणाऱ्या, नोकरी किंवा घर सांभाळून पुन्हा शिकायला बसलेल्या मराठी माणसांनी आपले अनुभव इथे लिहिले आहेत. प्रस्तावना लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी हिशोबनीस आहे आणि हिशोबनीस इथे मी याच वाटेने झाले.

आधी नावाचा घोळ. नोकरी करणाऱ्या प्रौढ माणसाच्या शिक्षणाला मराठीत धड नाव नाही. ‘प्रौढ शिक्षण’ म्हटलं की डोळ्यांसमोर कंदील, पाटी आणि अंगठा सोडून सही शिकणारी आजी येते. 2 ऑक्टोबर 1978 ला देशभर जो राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्याने हे चित्र आपल्या मनात पक्कं केलं. सरकारी कागदांत ‘निरंतर शिक्षण’ असतं, कंपनीच्या ईमेलमध्ये ‘अपस्किलिंग’, आणि सोसायटीतल्या काकांच्या तोंडी ‘अजून शिकतोयस का रे?’ चाळिशीतला सॉफ्टवेअरवाला रात्री क्लाऊडचा कोर्स करतो तेव्हा आपण प्रौढ शिक्षण घेतोय असं त्याच्या स्वप्नातही येत नाही. कंदिलाची जागा लॅपटॉपने घेतली आहे, एवढंच. आपल्याकडे एक जुना, फार चांगला शब्द होता: उमेदवारी. आता तो निवडणुकीने पळवला, आणि कारखान्यात ‘शिकाऊ उमेदवार’ एवढाच उरला.

आपल्याकडची ही परंपरा आपण समजतो त्याहून जुनी आहे. मुंबईत 1847 साली टांकसाळीत आणि सरकारी गोदीत काम करणाऱ्या तरुण कारागिरांनी मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट काढलं. लंडनमध्ये डॉ. जॉर्ज बर्कबेक यांनी 1823 मध्ये अशीच संस्था उभी केली होती, तिचंच हे मुंबईतलं भावंड. काळाघोड्याजवळची डेव्हिड ससून लायब्ररी हा त्याच संस्थेचा वारसा. आज तिथल्या लांब आरामखुर्च्यांत लोक दुपारी डुलक्या घेतात, पण मूळ सभासद दिवसभर लोखंडाशी झुंजून आलेले होते.

पुण्यात 1855 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी शेतकरी-कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालवली. मुलींच्या शाळेबद्दल आपण पुष्कळ बोलतो. या रात्रशाळेबद्दल कमी बोलतो, आणि मला वाटतं ती तितकीच धाडसी गोष्ट होती. दिवस मालकाचा, म्हणून शाळा रात्रीची, हे साधं गणित त्यांनी मांडलं. फुल्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारच्या सुट्टीचा लढा दिला आणि 1890 मध्ये तो जिंकला. शिक्षणाच्या इतिहासात लोखंड्यांचं नाव सहसा येत नाही. यायला हवं. आठवड्यातून एक दिवस स्वतःचा झाल्याशिवाय माणूस वही उघडणार कधी? आपल्या सत्यशोधकांनी शाळा आणि सुट्टी या दोन्ही मागण्या एकाच पिढीत केल्या, हा योगायोग मला वाटत नाही.

पुढे धागे अनेक झाले. 1909 मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. घरची कामं उरकून येणाऱ्या मोठ्या बायका तिथे शिकल्या, त्यांतल्या कितीतरी परिचारिका आणि शिक्षिका झाल्या. 1946 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. रात्रशाळेचं उलटं उत्तर हे: दिवस सुरू व्हायच्या आत शिकून घ्या. गिरणगावात रात्रशाळा होत्याच. 1958 मध्ये कामगार शिक्षणाचं केंद्रीय मंडळ स्थापन झालं, त्याचं मुख्यालय नागपूरला आलं. 1967 मध्ये मुंबईत देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ सुरू झालं. कामगाराला एकाच ठिकाणी हातातलं कौशल्यही मिळावं आणि डोक्याला खाद्यही, अशी त्यामागची कल्पना होती. जुलै 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आलं. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद तेव्हा काहींना भाबडं वाटलं असेल. माझ्या सासूबाईंनी मात्र पोलिओ डोस पाजायच्या ड्युटीवरून परत येता येता एसटीत त्याची पुस्तकं वाचून पदवी घेतली. 2001 मध्ये एमकेसीएल आलं आणि एमएस-सीआयटीच्या वर्गात तलाठी, ग्रामसेवक, मुख्याध्यापिका एका बाकावर बसून माऊस धरायला शिकले. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावीला बसणारे, टायपिंगच्या क्लासात जीसीसीची परीक्षा देणारे, एनआयआयटी-ॲपटेकमध्ये संध्याकाळी कोबोल शिकून वायटूकेच्या लाटेवर विमानात बसणारे मेकॅनिकल इंजिनिअर, हे सगळे याच घराण्यातले. चँडलरमधल्या मराठी घरांपैकी कित्येक घरं त्या शेवटच्या लाटेने इथे आणून टाकली.

अमेरिकेची गोष्ट वेगळ्या वळणाने जाते. इथे शेतीपासून सुरुवात झाली. 1862 च्या मॉरिल कायद्याने राज्यांना जमिनी देऊन शेती-यंत्रविद्येची विद्यापीठं उभी करवली, 1914 च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने विद्यापीठाचा माणूस थेट शेतकऱ्याच्या बांधावर पाठवला. 1901 मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएटला पहिलं सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज निघालं. 1944 च्या जीआय बिलाखाली महायुद्धातून परतलेल्या लाखो सैनिकांची फी सरकारने भरली, आणि शिवाय शिकताना पोटालाही दिलं. हे ‘पोटालाही’ महत्त्वाचं आहे. त्यानंतर इतक्या सढळ हाताने इथल्या प्रौढ विद्यार्थ्याला कुणी वेळ विकत घेऊन दिलेला मला तरी दिसत नाही. आज कंपनीने कर्मचाऱ्याच्या शिक्षणावर वर्षाला 5,250 डॉलरपर्यंत खर्च केला तर त्यावर कर लागत नाही. हा आकडा 1986 पासून पुढची कित्येक दशकं तसाच राहिला. फी तेवढ्यात भागू शकते. बुधवार भागत नाही.

चँडलर या नकाशावर कुठे येतं? हे गाव वसवलं एका गुरांच्या डॉक्टरने. अलेक्झांडर जॉन चँडलर यांनी 1912 मध्ये आपल्या जमिनीचे प्लॉट पाडून विकायला काढले. कापूस झाला, शहामृगांची पैदास झाली; शहामृगांच्या नावाने अजून जत्रा भरते. 1980 मध्ये इंटेल आलं, 1996 मध्ये ओकोटिलोचा मोठा कारखाना सुरू झाला, आणि वाळवंटातल्या या गावाची वस्ती 2020 च्या जनगणनेत पावणेतीन लाखांवर गेली. कॉलेजही त्याच वाढीचं अपत्य. 1985 मध्ये शाखा म्हणून सुरुवात, 1992 मध्ये स्वतंत्र चँडलर-गिल्बर्ट कम्युनिटी कॉलेज. जवळचा विल्यम्स हवाई तळ 1941 पासून वैमानिक घडवत होता. 1993 मध्ये तो बंद झाला आणि त्या जागेत कॉलेजचा दुसरा आवार उभा राहिला. तिथे आज विमानदुरुस्ती शिकवतात. पेकॉस रस्त्यावरच्या मुख्य आवारात जून महिन्यात संध्याकाळी सहालाही चाळीस अंशांच्या वर पारा असतो. वर्गाच्या आधी गाडीत एसी लावून पोळी-भाजीची गुंडाळी खाणारी माणसं पार्किंगमध्ये ओळीने दिसतात. कुणाच्या अंगावर रुग्णालयाचे निळे कपडे, कुणाच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र.

या कॉलेजांबद्दल एक गोष्ट नवख्या वाचकाला माहीत हवी. चँडलर ज्यात येतं त्या मॅरिकोपा परगण्यातल्या दहा सार्वजनिक कॉलेजांना मिळणारी राज्याची नेहमीची मदत 2015 मध्ये ॲरिझोनाच्या विधिमंडळाने शून्यावर आणली. तेव्हापासून ती मुख्यतः मालमत्ता कर आणि फी यांवर चालतात. तरीही स्थानिक रहिवाशाला एका क्रेडिटचे साधारण शंभर डॉलरच पडतात. 2021 च्या कायद्याने त्यांना चार वर्षांची पदवी द्यायची मुभाही मिळाली. हात आखडता घ्यायचा आणि कामं वाढवायची, हा खाक्या महाराष्ट्रातल्या अनुदानित शाळांच्या मुख्याध्यापकांना नवा वाटणार नाही.

आणि फीनिक्सभोवतीच्या याच शहरसमूहात नोकरदार प्रौढाचं शिक्षण हा अब्जावधींचा धंदाही झाला. जॉन स्पर्लिंग हे कॅलिफोर्नियातले इतिहासाचे प्राध्यापक. विद्यापीठं फक्त अठरा वर्षांच्या पोरांचा विचार करतात, पोलीस आणि शिक्षिका यांना संध्याकाळी शिकायचं असतं, हे त्यांना दिसलं. 1976 मध्ये त्यांनी युनिव्हर्सिटी ऑफ फीनिक्स काढली. एका वेळी एकच विषय, पाच-सहा आठवड्यांत संपणारा, वर्ग संध्याकाळी. नोकरदाराच्या वेळेचा इतका बारीक विचार आधी कुठल्या विद्यापीठाने केला असेल असं वाटत नाही, हे मान्य केलं पाहिजे. 2010 च्या सुमारास विद्यार्थी साडेचार लाखांच्या वर गेले. ज्या विद्यापीठाचा स्वतःचा फुटबॉल संघ नाही त्याचं नाव ग्लेनडेलच्या अवाढव्य स्टेडियमवर झळकत होतं. मग कर्जात बुडालेले विद्यार्थी, अर्धवट सुटलेल्या पदव्या, चौकशा. नामांकित कंपन्यांशी आपलं नोकऱ्यांसाठी साटंलोटं आहे असा भास जाहिरातींतून दिल्याच्या तक्रारीवरून 2019 मध्ये विद्यापीठाने केंद्रीय व्यापार आयोगाशी 19 कोटी 10 लाख डॉलरची तडजोड केली. माझ्या मते या प्रकरणातला धडा जाहिरातींपुरता नाही. प्रौढ माणसाच्या वेळेची टंचाई ज्याला आधी कळली, त्याने ती टंचाई विकली.

विचारांच्या बाजूने पाहिलं तर या क्षेत्रात ढोबळ चार घराणी दिसतात. एक म्हणतं, माणसाला कामाला लावा. कौशल्य द्या, प्रमाणपत्र द्या, बाकी तो बघेल. अमेरिकेतला 1917 चा स्मिथ-ह्यूज कायदा, आपल्या आयटीआय, 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा हे सगळे त्यातले. दुसऱ्याचा प्रतिनिधी एडवर्ड लिंडमन; 1926 मधल्या त्याच्या पुस्तकाचा सूर असा की प्रौढाचं शिक्षण त्याच्या जगण्यातल्या प्रश्नांतून उगवावं, पाठ्यपुस्तकातून नव्हे. तिसरं घराणं त्याचे व्यावहारिक वारसदार माल्कम नोल्स यांचं. मोठा माणूस शिकतो कसा, त्याला काय झेपतं, काय अपमानास्पद वाटतं, याचं त्यांनी शास्त्र बनवलं. आज प्रत्येक कंपनीच्या प्रशिक्षण विभागात, नाव माहीत नसलं तरी, नोल्स असतात. चौथं घराणं ब्राझीलच्या पाउलो फ्रेरी यांचं आणि टेनेसीतल्या हायलँडर शाळेचं. त्यांच्या मते शिकणं म्हणजे आपल्याला कोण आणि का दाबतं ते कळणं. शिवणकाम करून पोट भरणाऱ्या रोझा पार्क्स 1955 च्या उन्हाळ्यात हायलँडरच्या दोन आठवड्यांच्या शिबिराला गेल्या. त्याच डिसेंबरात त्यांनी माँटगोमेरीच्या बसमधली जागा सोडायला नकार दिला. या घराण्याचा संस्थापक मराठी वाचकाने ब्राझीलमध्ये शोधायची गरज नाही, तो पुण्याच्या गंजपेठेत राहत होता.

आमच्यासारख्यांचा अनुभव यांपैकी एकाही घराण्यात पुरता बसत नाही, कारण मध्ये व्हिसा येतो. नवऱ्याच्या एच-वन-बीवर एच-फोर घेऊन आलेल्या बाईला इथे शिकता येतं, कमवता येत नाही. मे 2015 पासून, जोडीदाराचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठराविक पायरीपर्यंत पोचलेलं असेल तर कामाचा परवाना मिळू लागला. त्याआधी तोही नव्हता. त्यामुळे शिकणं हा कित्येक जणींसाठी नोकरीकडे जाणारा जिना नव्हता, ती वेटिंग रूम होती. एकामागून एक कोर्स, भिंतीवर प्रमाणपत्रं, आणि ‘तू काय करतेस?’ या प्रश्नाला ‘सध्या शिकतेय’ हे आठ वर्षं तेच उत्तर.

माझं स्वतःचं पहिलं सत्र तर सुरू व्हायच्या आधीच बुडालं. कॉलेजला माझ्या बी.कॉम.च्या गुणपत्रिका विद्यापीठाकडून सीलबंद पाकिटात, पाकिटाच्या फ्लॅपवर शिक्का मारून हव्या होत्या. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. धाकटे दीर रजा काढून तीनदा रांगेत उभे राहिले. पहिल्यांदा शिक्का कागदावर होता, फ्लॅपवर नव्हता. दुसऱ्यांदा पाकीट बरोबर, पण आत माझं माहेरचं नाव आणि इथल्या अर्जावर सासरचं. नाव बदलल्याचं राजपत्र सांगलीच्या कपाटात, साड्यांच्या खाली. तिसऱ्यांदा सगळं जमलं. मग मूल्यमापन करणाऱ्यांनी सांगितलं की तीन वर्षांची पदवी इथल्या चार वर्षांच्या पदवीइतकी धरता येत नाही. तीस क्रेडिट पुन्हा. यात मलाच काय ते दुःख झालं. सासऱ्यांचं म्हणणं असं की निदान पाकिटाला शिक्का तरी बसला.

हे सगळं आत्ताच का लिहायचं? कारण चँडलरमध्ये भविष्यकाळ जरा लवकर येतो. 2017 पासून वेमोच्या स्वतः चालणाऱ्या गाड्या या रस्त्यांवर प्रवासी घेऊन फिरू लागल्या, 2020 मध्ये पुढच्या सीटवर कुणीच नसलेली टॅक्सी सर्वांसाठी खुली झाली. मंगळवारी बाजारात जाताना शेजारच्या लेनमध्ये आपोआप फिरणारं स्टिअरिंग पाहायची आमच्या मुलांना सवय आहे. ड्रायव्हरने आता काय शिकावं हा प्रश्न इथे परिसंवादाचा नाही. त्याच सुमारास चिपची लाट पुन्हा आली. 2021 मध्ये इंटेलने ओकोटिलोत 20 अब्ज डॉलरचे दोन नवे कारखाने जाहीर केले, ऑगस्ट 2022 मध्ये केंद्र सरकारचा चिप्स कायदा आला. मनुष्यबळ हवं म्हणून 2022 च्या उन्हाळ्यात मॅरिकोपाच्या कॉलेजांनी चिप तंत्रज्ञांसाठी दहा दिवसांचा झटपट अभ्यासक्रम काढला. दिवसाला चार तास, शिकवायला कंपनीतलीच माणसं. डोक्यापासून पायापर्यंतचा पांढरा ‘बनी सूट’ धूळ न उडवता कसा चढवायचा हे तिथे प्रत्यक्ष करून घेत: आधी टोपी, मग अंगरखा, मग बूट, सूट जमिनीला लागता कामा नये. किराणा दुकानातले, गोदामातले, मुलं लहान असलेल्या बायका अशा सगळ्यांनी रांगा लावल्या. दोन वर्षांनी, ऑगस्ट 2024 मध्ये, त्याच इंटेलने जगभरातली सुमारे पंधरा हजार पदं कमी करणार असल्याचं सांगितलं. सूट चढवायला शिकलेल्या प्रत्येकाला तो रोज चढवायची नोकरी लागली नाही.

दहा दिवसांत माणूस तंत्रज्ञ होतो का, यावर या पुस्तकातच दोन मतं आहेत आणि संपादकांनी ती जुळवायचा प्रयत्न केलेला नाही. माझं मत अभ्यासक्रमाच्या बाजूने झुकतं. दहा दिवस हे पगारी माणसाच्या आवाक्यातलं माप आहे. दोन वर्षं नाहीत. फक्त त्या चाळीस तासांची मजुरी कोण देतं हेही प्रमाणपत्रावर छापावं असं मला वाटतं. कंपनीने दिली की स्वतःची रजा गेली, की आईला नागपूरहून सहा महिन्यांसाठी बोलावून नातवंडं तिच्या हवाली केली? आमच्यातल्या निदान निम्म्या पदव्यांमागे व्हिजिटर व्हिसावर आलेली एक आजी आहे. तिचं नाव कुठल्या विद्यापीठाच्या अहवालात येत नाही, म्हणून ते काम या पुस्तकाने केलं आहे.

कुठला कोर्स करावा, कुठल्या प्रमाणपत्राला किती पगार, याची उत्तरं इथे मिळणार नाहीत. ती वर्षभरात शिळी होतात. यशोगाथाही मुद्दाम गोळा केलेल्या नाहीत. अर्धवट सोडलेल्यांचे लेख जितके मिळाले तितके घेतले, आणि ते मिळवायला सर्वांत जास्त वेळ लागला. सोडलेल्या विषयाबद्दल मराठी माणूस लिहीत नाही, फार तर ‘जमलं नाही’ म्हणतो. काही लेखकांनी नावं दिली नाहीत. नोकरी चालू आहे, व्हिसा चालू आहे, तेव्हा ते समजून घ्यावं. भाषा ज्याची त्याची ठेवली आहे. कुणी ‘असाइनमेंट सबमिट केली’ लिहिलं आहे, कुणी ‘गृहपाठ दिला’.

प्रत्येकाला संपादकांनी एकच अट घातली होती: लेखाच्या सुरुवातीला शिकत असतानाचा आपला एक दिवस लिहायचा, उठल्यापासून झोपेपर्यंत, तासागणिक, खोटं न घालता. काहींनी कुरकुर केली. एकीने तो दिवस लिहून काढल्यावर आपण जेवलो कधी हे तिलाच सापडेना, म्हणून तिने ती ओळ कोरी ठेवली; आम्हीही ती तशीच छापली आहे. पदवी, व्यवसाय, वय यांपैकी कशावरही लेखांची मांडणी केलेली नाही. दिवसातल्या ज्या वेळी माणूस पुस्तक उघडत होता, त्या वेळेच्या क्रमाने ते लावले आहेत. शेवटचा लेख रात्री दीडचा, कपडे वाळवण्याच्या यंत्राशेजारी बसून केलेल्या अभ्यासाचा. पहिला पहाटे साडेचारचा आहे.